चुंबकत्व काढायचे कसे? : पाठ्यपुस्तकातील एका परिच्छेदाची चिकित्सा

भौतिकशास्त्राच्या शालेय पुस्तकांत चुंबकत्वाच्या प्रकरणाच्या अखेरीस एक छोटा परिच्छेद हमखास आढळतो. 'चुंबकत्व नष्ट करण्याच्या पद्धती' अशा अर्थाचा त्याचा मथळा असतो. मजकूर साधारण असा असतो : चुंबक तापवल्यास, हातोडीने ठोकल्यास, वारंवार आपटल्यास किंवा प्रत्यावर्ती विद्युतधारा वाहणाऱ्या कुंतलात ठेवल्यास त्याचे चुंबकत्व नाहीसे होते. गाइडांमध्ये हीच यादी क्रमांक घालून येते आणि परीक्षेत 'कोणत्याही तीन पद्धती लिहा' असा प्रश्न विचारला जातो. विद्यार्थी तीन ओळी लिहितो, त्याला गुण मिळतात आणि विषय संपतो.

या परिच्छेदाबद्दल आमची तक्रार आहे. त्यात धडधडीत खोटे असे काही नाही. परंतु तो वाचून जो प्रत्यक्ष एखाद्या वस्तूचे चुंबकत्व काढायला जाईल, त्याची बहुधा फसगत होईल. चारांपैकी दोन पद्धती वस्तूचेच नुकसान करतात, एका पद्धतीने उलट नवे चुंबकत्व येऊ शकते, आणि जी चौथी पद्धत खरोखर कामाची आहे तिच्यातील मुख्य पायरीच गाळलेली आहे. ही पायरी कारखान्यातल्या कारागिराला ठाऊक असते, पण पुस्तकाला ठाऊक नसते. विज्ञानाच्या शिक्षकाने विचार करावा अशी ही गोष्ट आहे.

कारखान्यातला प्रश्न

चुंबकत्व 'काढण्याची' गरज कोणाला पडते, हे पुस्तक सहसा सांगत नाही. मुंबईतल्या विद्यार्थ्याला याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. लालबाग-परळच्या गाळ्यांत एके काळी गिरण्यांचे सुटे भाग बनत आणि दुरुस्त होत. त्यांतले बरेच गाळे आता राहिले नाहीत. परंतु लेथ आणि ग्राइंडर जिथे कुठे चालतो, तिथे हा प्रश्न उभाच असतो. सरफेस ग्राइंडरवर पोलादी तुकडा घट्ट धरून ठेवायला मॅग्नेटिक चक वापरतात. काम झाल्यावर चक बंद केला तरी तुकड्यात थोडे चुंबकत्व उरते. मग त्याला लोखंडाचा कीस चिकटतो. तो कीस मापाच्या गेजखाली आला की माप चुकते, आणि बेअरिंगमध्ये शिरला की बेअरिंग झिजते. नागदेवी स्ट्रीटवरून आणलेला नवाकोरा टॅप चुंबकित झाला, तर आटे पाडताना निघालेला कीस त्याच्या खाचांतून सुटत नाही आणि आटे खराब होतात. चुंबकित तुकड्यांचे वेल्डिंग करताना ज्योत एका बाजूला ओढली जाते.

चुंबकीय चूर्ण वापरून पोलादातील बारीक तडे शोधण्याची एक पद्धत आहे. मोटारींचे व रेल्वेचे भाग या रीतीने तपासतात. त्यासाठी तो भाग मुद्दाम चुंबकित करावा लागतो. तडा सापडला नाही म्हणून भाग पुन्हा वापरायचा, तर आधी त्याचे चुंबकत्व काढणे भाग असते.

आता पुस्तकातील पहिल्या दोन पद्धती या तुकड्यांना लावून पाहू. लोखंडाचे चुंबकत्व जाण्यासाठी ते सुमारे ७७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. पाणी दिलेल्या साध्या पोलादी टॅपचा कडकपणा त्याच्या कितीतरी आधी, दोन-तीनशे अंशांनंतर, उतरू लागतो. म्हणजे चुंबकत्वाबरोबर टॅपही गेला! हातोडीने ठोकावे तर कडक पोलाद तडकते, आणि अचूक मापाचा गेज ठोकण्याचा विचारही कोणी करणार नाही. कारागिराच्या दृष्टीने या दोन्ही पद्धती निरुपयोगी आहेत. पुस्तकाने तसे एका वाक्यात म्हटले असते, तरी 'पद्धत' या शब्दाला काही अर्थ राहिला असता.

ठोकल्याने चुंबकत्व जाते की येते?

व्यावहारिक अडचण बाजूला ठेवली, तरी तत्त्वाचा प्रश्न उरतोच. विल्यम गिल्बर्टचा चुंबकावरील प्रसिद्ध लॅटिन ग्रंथ १६०० साली प्रकाशित झाला. त्यात ऐरणीवर लोखंड ठोकणाऱ्या लोहाराचे एक चित्र आहे. लोखंडाची एक बाजू उत्तरेला आणि दुसरी दक्षिणेला आहे. गिल्बर्टने दाखवून दिले की, तापलेले लोखंड दक्षिणोत्तर ठेवून ठोकत ठोकत निवू दिले, तर ते चुंबक बनते. म्हणजे ज्या दोन क्रियांनी चुंबकत्व नष्ट होते असे आपण शिकवतो, त्याच दोन क्रियांनी त्याने चुंबक बनवला.

हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. बांधकामाच्या सळईचा ३०-४० सेंटिमीटर लांबीचा तुकडा घ्यावा. होकायंत्राच्या साहाय्याने तो दक्षिणोत्तर धरावा आणि त्याचे उत्तरेकडील टोक क्षितिजापासून सुमारे २५ अंश खाली झुकवावे. मुंबईच्या परिसरात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा साधारण तशी असते. टोकाखाली लाकडी ठोकळा घेऊन वरच्या टोकावर हातोडीचे वीस-पंचवीस ठोके द्यावेत. सळई दुर्बल चुंबक बनलेली दिसेल : खाली झुकवलेले टोक होकायंत्राच्या सुईच्या उत्तर टोकाला दूर सारेल. मग सळई उलटी फिरवून त्याच दिशेत तसेच ठोके द्यावेत. ध्रुव बदलतील. शेवटी सळई आडवी, पूर्व-पश्चिम धरून ठोकावी. आता चुंबकत्व बरेच कमी झालेले आढळेल. हातोडी तीच, सळई तीच, ठोके तितकेच; निष्कर्ष मात्र तीन!

तापवण्याचेही तसेच आहे. लोखंड तापवल्याने चुंबकत्व जाते हे खरे, पण निवताना त्या जागी जे क्षेत्र असेल ते त्यात पुन्हा उमटते. याचा सर्वांत भव्य पुरावा आपल्या पायाखाली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थिजला, तेव्हा त्यातील लोहयुक्त खनिजांमध्ये त्या काळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा नोंदली गेली. १९५०च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी या खडकांच्या चुंबकत्वाचा अभ्यास केला. अशा अभ्यासांतूनच लाव्हा थिजला तेव्हा भारताचा हा भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता, या निष्कर्षाला बळकटी मिळाली. तापवणे म्हणजे चुंबकत्व नष्ट करणे एवढेच समजून बसलेल्या विद्यार्थ्याला हे संशोधन कळणार तरी कसे?

तेव्हा तापवणे, ठोकणे, आपटणे आणि प्रत्यावर्ती धारा या चार सुट्या पद्धती नव्हेत. चारही क्रियांत आपण पदार्थातील चुंबकीय डोमेनना हलवून सैल करतो. ही हालचाल ओसरत असताना बाहेरचे क्षेत्र कोणते आहे, यावर शेवटी काय उरणार हे ठरते. पुस्तकात फक्त हालचालीचा उल्लेख असतो. ओसरण्याबद्दल ते काहीच बोलत नाही.

कुंतलातील गाळलेली पायरी

आता चौथ्या पद्धतीकडे वळू. कुंतलातून प्रत्यावर्ती धारा वाहते तेव्हा क्षेत्राची दिशा सेकंदाला १०० वेळा उलटते. पुस्तकातील स्पष्टीकरण असे की, या उलटापालटीमुळे डोमेन अस्ताव्यस्त होतात. परंतु क्षेत्र पुरेसे तीव्र असेल, तर डोमेन अस्ताव्यस्त होत नाहीत. ते सारे मिळून एकदा इकडे आणि एकदा तिकडे वळतात. तुकडा कुंतलातच ठेवून बटण बंद केले, तर यांपैकी कोणत्या तरी एका बाजूला ते अडकून राहतात.

येथे कोणी म्हणेल, की धारा शून्य असतानाच नेमके बटण बंद झाले तर? तरीही सुटका नाही. धारा शून्य होते त्या क्षणी पोलादाचे चुंबकत्व शून्य नसते; ते क्षेत्राच्या मागे रेंगाळत असते. या मागे राहण्याला जेम्स अल्फ्रेड युइंग या शास्त्रज्ञाने १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला, टोकियोत अध्यापन करीत असताना, 'हिस्टेरेसिस' हे नाव दिले. अकरावी-बारावीला त्याचा फुगीर वेटोळ्यासारखा आलेख आपण फळ्यावर काढतो आणि त्याखालच्या क्षेत्रफळाबद्दल प्रश्न विचारतो. परंतु चुंबकत्व काढण्याच्या कृतीशी या आलेखाची सांगड क्वचितच घातली जाते. सांगड अगदी सरळ आहे. क्षेत्राची कमाल मर्यादा दर फेरीला थोडी थोडी कमी करत नेली, की आलेखाचे वेटोळेही दर फेरीला लहान होत जाते आणि शेवटी मध्यबिंदूपाशी मिटते. ते मिटवत नेणे हीच ती गाळलेली पायरी.

ही पायरी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या टीव्ही मेकॅनिकांना चांगली ठाऊक होती. भारतात १९८२ साली रंगीत दूरचित्रवाणी आली. त्या संचांच्या चित्रनळीत पडद्यामागे बारीक छिद्रांची एक धातूची जाळी असे. ती चुंबकित झाली की चित्रावर रंगांचे डाग पडत. मेकॅनिक हातात एक मोठी गोल कॉइल घेऊन येई, ती पडद्यासमोर फिरवी, चालू कॉइल तशीच हातात धरून हळूहळू मागे सरके आणि चांगला लांब गेल्यावरच बटण बंद करी. घाई करून जवळच बंद केली, तर डाग वाढत. संचातही चित्रनळीभोवती अशी एक कॉइल कायमची बसवलेली असे. संच चालू करताच तिच्यातून जोराची धारा जाई आणि मग आपोआप ओसरे. कारण तिच्या जोडीला असा एक रोधक असे, की जो धारेमुळे तापताच त्याचा रोध भराभर वाढत असे. हे संच आता घरांतून गेले. पण लक्षावधी घरांत रोज संध्याकाळी हिस्टेरेसिसचे वेटोळे मिटवले जात होते आणि आमच्या पुस्तकांना त्याची दखल घ्यावीशी वाटली नाही, याचे वैषम्य वाटते.

करून पाहण्याजोगे कुंतल

टीका करणाऱ्याने पर्यायही द्यावा, या न्यायाने एका कुंतलाचा तपशील येथे देत आहोत. ५० मिलिमीटर बाह्य व्यासाची पीव्हीसी नळी घ्यावी. तिच्यावर १० सेंटिमीटर लांबीत १ मिलिमीटर जाडीच्या, इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे ५०० वेढे सहा थरांत गुंडाळावेत. सुमारे ९० मीटर, म्हणजे साधारण ६५० ग्रॅम तार लागेल. धातूची नळी वापरू नये. तिच्यातच धारा प्रवर्तित होऊन ती तापते आणि आतले क्षेत्र दुबळे होते. कुंतलाला १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर जोडावा. तो लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडवर मिळण्यासारखा आहे. १२ व्होल्टच्या बाजूला ५ अँपिअरचा फ्यूज घालावा.

आता हिशेब पाहू. तारेचा रोध सुमारे २ ओहम भरतो. परंतु प्रत्यावर्ती धारेला कुंतलाच्या स्वप्रवर्तनाचाही अडथळा होतो आणि एकूण अडथळा सुमारे ३ ओहम होतो. म्हणजे धारा सुमारे ४ अँपिअर. त्यामुळे कुंतलाच्या मध्यभागी क्षेत्राचे शिखरमूल्य सुमारे ३०० गाउस, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सातशेपट येते. साध्या कडक पोलादाचे चुंबकत्व उलटवायला ५० गाउसच्या आसपास क्षेत्र लागते. तेव्हा सुरुवात करायला हे भरपूर आहे. बारावीच्या विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः करावा आणि मग अमीटर लावून ताडून पाहावा. कुंतलात लोखंडी तुकडा घालताच धारा कमी होते. ती का, हेही त्यांनाच विचारावे.

तीन सूचना मात्र कटाक्षाने पाळाव्यात. कुंतल थेट २३० व्होल्टच्या वीजपुरवठ्याला कधीही जोडू नये. एका वेळी मिनिटभरापेक्षा अधिक चालवू नये, कारण त्यात सुमारे ३० वॅट उष्णता निर्माण होते. हृदयात पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने जवळ थांबू नये. किल्लीची घड्याळे आणि चुंबकीय पट्टीची कार्डेही दूर ठेवावीत.

प्रयोगासाठी हॅकसॉचे एक पाते चुंबकावर घासून चुंबकित करावे. ते टेबलावर पूर्व-पश्चिम ठेवून, त्याच्या टोकापासून ५ सेंटिमीटरवर होकायंत्र ठेवावे आणि सुई किती अंश वळते ते पाहावे. मुंबईत पृथ्वीच्या क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे ३८ मायक्रोटेस्ला आहे. सुई ४५ अंश वळली, तर त्या जागी पात्याचे क्षेत्रही तेवढेच आहे. ५ अंशच वळली, तर ते सुमारे ३.३ मायक्रोटेस्ला आहे. टाचण्या मोजण्यापेक्षा ही पद्धत किती तरी चांगली.

मग दोन रीतींनी चुंबकत्व काढून पाहावे. पहिली रीत पुस्तकातली : पाते कुंतलात ठेवावे, धारा सुरू करावी, पाते आतच असताना ती बंद करावी. हे दहा वेळा करून दर वेळी सुईचे वळणे नोंदवावे. आकडे कमीजास्त येतील, काही वेळा ध्रुवही उलटे होतील. दुसरी रीत कारागिराची : धारा चालू ठेवून पाते सेकंदाला सुमारे १० सेंटिमीटर या वेगाने कुंतलातून पूर्ण बाहेर ओढावे, त्यापुढे अर्धा मीटर लांब न्यावे आणि मगच बटण बंद करावे. या वेगाने धारेच्या एका आवर्तनात पाते केवळ २ मिलिमीटर सरकते, म्हणून क्षेत्र दर फेरीला थोडेसेच घटते. हिसका देऊन सेकंदाला दोन मीटर वेगाने ओढले, तर एका आवर्तनात ते ४ सेंटिमीटर सरकेल आणि पायऱ्या फार मोठ्या पडतील. कुंतलापासून अर्ध्या मीटरवर त्याचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राहूनही कमी झालेले असते. तेथे बटण बंद केल्याने काही बिघडत नाही.

या कुंतलाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ५० आवर्तनांचे प्रत्यावर्ती क्षेत्र पोलादात काही मिलिमीटरपर्यंतच शिरते. हॅकसॉचे पाते, ड्रिल, टॅप यांना ते पुरते. जाड आसाचा गाभा मात्र त्यातून सुटतो. तेथे एकदिश धारा सावकाश उलटसुलट करत आणि दर वेळी कमी करत न्यावी लागते. साधन बदलते, पण ओसरण्याचे तत्त्व तेच राहते.

शून्य म्हणजे कोणते शून्य?

कुंतलाचे क्षेत्र ओसरले तरी पृथ्वीचे क्षेत्र उरतेच. म्हणून लांब वस्तू ओढताना कुंतलाचा अक्ष पूर्व-पश्चिम ठेवणे इष्ट. नाहीतर शेवटच्या टप्प्यात पृथ्वीच आपला थोडा ठसा उमटवते. वर सांगितलेल्या सळईच्या प्रयोगाचेच हे दुसरे रूप आहे. शिवाय आसपासची यंत्रे आणि लोखंडी तुळया यांचाही वाटा असतो.

हा वाटा किती त्रासदायक ठरू शकतो, याचा दाखला मुंबईच्याच इतिहासात आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर त्यांच्या क्षेत्रामुळे नोंदी बिघडणार हे उघड झाले. तेव्हाचे संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारली. ती १९०४ साली सुरू झाली. तिची इमारत अचुंबकीय दगड, पितळ आणि तांबे वापरून बांधलेली आहे. दोन वर्षे दोन्ही ठिकाणच्या नोंदी एकाच वेळी घेऊन त्यांची तुलना झाली आणि मग कुलाब्याचे काम थांबले. विजेच्या ट्राम १९०७ साली धावू लागल्या. खडकांचे चुंबकत्व अभ्यासणारे शास्त्रज्ञही नमुन्यातील नंतर आलेले दुर्बल चुंबकत्व काढताना बाहेरचे क्षेत्र अडवतात आणि प्रत्यावर्ती क्षेत्र अतिशय सावकाश कमी करत नेतात. हॅकसॉच्या पात्याची आणि दख्खनच्या खडकाची रीत एकच आहे.

परिच्छेद असा लिहिता येईल

पाठ्यपुस्तकाला जागेची मर्यादा असते आणि आठवी-नववीच्या मुलांपुढे हिस्टेरेसिस मांडता येत नाही, हे आम्हांला मान्य आहे. चार पद्धतींची यादी लक्षात ठेवायला सोपी, हेही खरे. परंतु तेवढ्याच जागेत खरी गोष्ट सांगता येते. आमची सूचना अशी :

'चुंबकाला तापवले, ठोकले किंवा प्रत्यावर्ती धारेच्या कुंतलात ठेवले, तर त्यातील डोमेनची मांडणी ढिली होते. ही क्रिया थांबताना आसपास जे क्षेत्र असेल, त्यानुसार नवे चुंबकत्व येऊ शकते. म्हणून चुंबकत्व काढण्यासाठी वस्तू चालू कुंतलातून सावकाश दूर नेतात आणि मगच धारा बंद करतात. कारखान्यांत हत्यारांचे व यंत्रांच्या भागांचे चुंबकत्व असेच काढतात. तापवल्याने किंवा ठोकल्याने हत्यार खराब होते, म्हणून त्या पद्धती तेथे वापरत नाहीत.'

परीक्षेतला प्रश्नही त्यानुसार बदलावा लागेल. 'कोणत्याही तीन पद्धती लिहा' याऐवजी असे विचारावे : 'एका कारागिराने चुंबकित ड्रिल कुंतलात ठेवून धारा सुरू केली आणि ड्रिल आत असतानाच ती बंद केली. ड्रिलला कीस चिकटणे थांबेल का? कारण द्या.' पुढील वर्ष येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. घटक चाचणीत हा प्रश्न शिक्षकांना आजही घालता येईल.